पानशेतचा पूर: आजी म्हणते दुपारी, मामाआजोबा म्हणतात सकाळी

कसबेकर_धाकटा (धागाकर्ता)

मंडळी, भांडण घरगुती आहे, पण प्रश्न इतिहासाचा आहे म्हणून या विभागात टाकतोय.

गेल्या रविवारी आजीची पानशेतच्या पुराची आठवण मोबाइलवर रेकॉर्ड करायला बसलो. १२ जुलै १९६१. आजी तेव्हा वीस वर्षांची, लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं, नारायण पेठेत नदीच्या अंगाला एका वाड्यात तळमजल्यावर दोन खोल्या. तिचं म्हणणं असं: जेवणं उरकली होती, ती चौकात राखेनं भांडी घासत बसली होती, आणि पाणी आलं ते मोरीतून. उलटं. आधी गुडगुड आवाज, मग काळं पाणी, त्यावर तरंगणारं सकाळचं खरकटं. तिला वाटलं मोरी तुंबली, म्हणून तिनं काठी घातली. ती खुपसतेय तोवर पाणी घोट्याला लागलं. मग माडीवरून सासऱ्यांची हाक, 'सगळं टाक आणि वर ये.' तिनं सगळं टाकलं, फक्त शिवणाचं मशीन उचलून वर नेलं, कारण ते माहेरचं होतं.

इथे मामाआजोबा, म्हणजे आजीचा धाकटा भाऊ, मध्ये पडले. ते तेव्हा अकरा वर्षांचे, शिकायला बहिणीकडे असायचे. त्यांच्या मते हे सगळं सकाळचं. शाळा सोडून दिली, ते मित्रांबरोबर लकडी पुलाकडे पाणी बघायला गेले, पोलिसांनी हाकललं, धावत घरी आले आणि मशीन त्यांनीच वर नेलं. आजी तेव्हा तिथे नव्हतीच.

'नव्हतीच म्हणजे काय रे, गेले होते कुठे मी?' इथपासून पुढची बावीस मिनिटं इथे टाकण्याजोगी नाहीत.

तर प्रश्न असा, की दोघंही डोळ्यांनी बघितलेलं सांगताहेत, दोघांचीही स्मरणशक्ती आजही ठणठणीत आहे, मग यातलं खरं काय धरायचं? आणि एकूणच 'मी स्वतः पाहिलंय' या पुराव्याला इतिहासात किती किंमत द्यायची? तुमच्या घरातले अनुभवही येऊ द्या.

भुईनळा

दोघंही पुणेकर ना? मग दोघंही बरोबर. चूक असेल तर पानशेतची.

जुनी_चावडी

कागद बघा, माणसं विचारू नका. हे मी या विभागात दहाव्यांदा लिहितोय.

गोडसे भटजींचं उदाहरण घ्या. वरसईहून निघालेला गरीब भिक्षुक, सत्तावनच्या धामधुमीत सापडला, झाशीच्या वेढ्यात आत अडकला. याच्यापेक्षा जवळचा साक्षीदार कुठला मिळणार? पण 'माझा प्रवास' लिहायला घेतला १८८३ मध्ये, म्हणजे सव्वीस वर्षांनी. तारखांचा मेळ लागत नाही, ऐकलेलं आणि पाहिलेलं एकमेकांत मिसळलेलं. वाचायला बहारीचं, पण त्यावरून झाशीच्या लढाईचा दिवसवार आराखडा कराल तर फसाल. तुमची आजी तर साठाहून जास्त वर्षांनी सांगतेय.

सुगरण_नव्हे

@जुनी_चावडी, गोडसे भटजींवरचा राग समजला, पण आराखडा हवाय कुणाला? आराखडा इंग्रजांच्या कागदांत भरपूर आहे. कुठली तोफ कुठे होती, किती गोळे उडाले, सगळं. झाशीत इंग्रज शिरल्यावर गल्लीत लपलेल्या माणसाला काय ऐकू येत होतं, प्यायला पाणी कुठून आणायचं, हे त्या कागदांत दाखवा. काल्पीच्या वाटेवर विहिरीपाशी तहानलेली राणी भेटते, भटजी पाणी काढून द्यायला पुढे होतात आणि ती त्यांना काढू देत नाही, स्वतः काढून ओंजळीनं पिते. ते पान वाचलं की माझ्या घशाला कोरड पडते.

आणि कागद तरी कुठे सोवळा आहे? भटजींचं लिखाण १९०७ मध्ये चिं. वि. वैद्यांनी छापलं ते भाषा सुधारून आणि काही भाग गाळून. मूळ बाड जसंच्या तसं वाचायला लोकांना १९६६ उजाडलं, दत्तो वामन पोतदारांनी काढलं तेव्हा. मधली साठेक वर्षं लोक 'कागद'च वाचत होते ना?

जुनी_चावडी

वैद्यांनी गाळलं हे कळलं कशावरून? मूळ कागदावरूनच. धन्यवाद.

भुईनळा

*पॉपकॉर्न घेऊन बसलेला बाहुला*

पत्र्याची_खोली

भांडणात पडत नाही, अनुभव लिहिते.

माझी आई शनिवार पेठेतली. वाडा गेला. गेला म्हणजे वाहून नाही गेला. दोन दिवस पाण्यानं फुगलेल्या मातीच्या भिंती ऊन पडल्यावर बसल्या. पूर ओसरल्यावर, स्वच्छ उन्हात, धडाधड. हे मला पुस्तकात कुठे वाचायला मिळालं नाही, आईकडून मिळालं. ती म्हणायची, पाण्याची भीती नाही वाटली, त्या उन्हाची वाटली.

पुढे पूरग्रस्त म्हणून निसन हटमध्ये जागा मिळाली. अर्ध्या पिंपासारखं गोल पत्र्याचं छप्पर. माझा जन्म तिथलाच. उन्हाळ्यात आत भाकरी भाजायला तवा लागू नये इतकं तापायचं. 'पूरग्रस्त' हा शब्द मी इतका ऐकला की बरीच वर्षं मला ते आडनाव वाटायचं. गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर अशा भागांत चौकशी करा, आजही एखाद्या घरात पुराच्या वेळचा कागद जपून ठेवलेला सापडेल.

आणखी एक. आईला पाण्यापेक्षा जास्त आठवायची ती दुसऱ्या दिवशीची पळापळ. 'पाणी आलं, पाणी आलं' अशी आवई उठली आणि सगळं गाव पर्वतीकडे पळत सुटलं. पाणी आलंच नव्हतं. पण तिच्या सांगण्यात पूर आणि आवई एकाच दिवशी असायची. कसबेकर, तुमच्या मामाआजोबांचं तसं काही झालं नसेल ना?

आंबी_मोसे_मुठा

धागा आत्ता पाहिला. पाटबंधाऱ्यात आयुष्य गेलं, म्हणून चार ओळी जास्त लिहितो.

मुळात सगळे 'पानशेत फुटलं' म्हणतात, पण त्या दिवशी धरणं दोन फुटली. घोळ तिथेच आहे.

पानशेतचं धरण आंबी नदीवर, मातीचं. १९६१ चा पावसाळा म्हणजे त्याचं पाणी अडवण्याचं पहिलंच वर्ष. कामं पुरी व्हायची होती, पाऊस दाबून पडत होता. धरणाच्या पोटातून पाणी बाहेर सोडायचा जो मार्ग होता तिथेच घात झाला, वरचा भराव खचायला लागला. ११ तारखेच्या रात्री लष्कराच्या जवानांनी भर पावसात वाळूची पोती रचली. त्यांनी धरण वाचवलं नाही, पण वेळ विकत घेतला. तेच धरण मध्यरात्री गेलं असतं तर हा धागा काढायला कसबेकर असते की नाही कुणास ठाऊक.

१२ ला सकाळी पानशेत गेलं. ते पाणी थेट पुण्यात आलं नाही. खाली मुठेवर खडकवासला होतं, १८७९ च्या सुमाराला पुरं झालेलं, दगडी. अख्खं पानशेत त्यात येऊन पडलं. पाणी खडकवासल्याच्या भिंतीवरून उड्या मारून वाहायला लागलं आणि तशा स्थितीत ती म्हातारी भिंत काही तास उभी राहिली. त्या काही तासांत नदी वाढत राहिली, लोक पुलांवर गर्दी करून बघत राहिले. मग खडकवासलाही फुटलं, आणि उरलंसुरलं सगळं खाली आलं.

म्हणजे पाणी टप्प्याटप्प्यानं आलं. सकाळी नदीकाठच्या मुलानं पाहिलं ते पहिलं पाणी. नंतर पेठेतल्या चौकात मोरीतून आलं ते चढत्या पुराचं. मोरी उलटी वाहते कारण तिचं तोंड नदीत असतं, आणि नदीची पातळी तोंडाच्या वर गेली की पाणी आधी गटारातून मागे सरतं, रस्त्यावर दिसतं नंतर. तुमच्या आजींनी हे काठी घेऊन स्वतः अनुभवलंय. साठ वर्षांनी कुणाला असला तपशील रचून सांगता येणार नाही.

कसबेकर_धाकटा

@आंबी_मोसे_मुठा, दंडवत घ्या. हे डोक्यातच आलं नव्हतं. दोघांनी पाहिलेलं पाणी वेगवेगळं असू शकतं! (मशीनचा प्रश्न मात्र तसाच राहतो.)

@पत्र्याची_खोली, त्या आवईबद्दल विचारतो.

जुनी_चावडी

बघा, कोडं सोडवलं अभियंत्यानं. साक्षीदारानं नाही.

सुगरण_नव्हे

कोडं घातलं कुणी, ते पण सांगा की.

तेरणाकाठ

वाचत होतो नुसता. लिहावं की नाही, दोन दिवस ठरत नव्हतं.

मी किल्लारीच्या भूकंपाचा साक्षीदार आहे. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारला चार मिनिटं कमी. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बुडवून सगळे दमून झोपलेले. मी चौथीत होतो. आमचं घर माळवदाचं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, दोन-अडीच हात जाडीच्या दगडमातीच्या भिंती, वर लाकडं, लाकडांवर पांढऱ्या मातीचा थर. दर पावसाळ्याआधी गळू नये म्हणून वर आणखी माती टाकायची. उन्हाळ्यात गार लागतं. त्या रात्री तीच माती अंगावर आली.

मी बाहेर ओसरीला झोपलो होतो म्हणून आहे. आजी आत होती.

सांगायचंय ते पुढचं. त्या दिवसापासून मला सगळ्यांनी विचारलं. पत्र्याच्या शेडमध्ये होतो तेव्हा विचारलं, नव्या जागी गाव वसलं तेव्हा विचारलं, दहा वर्षं झाली, वीस झाली, तीस झाली, तेव्हा माइक घेऊन येऊन विचारलं. पहिल्यांदा मी सांगितलं होतं की आवाज आला तो ट्रकमधून खडी ओतल्यासारखा. ते लोकांना आवडलं, कारण प्रत्येकानं मान हलवली. मग मी दरवेळी तेच सांगायला लागलो. एका वर्षी एकानं विचारलं, 'कुत्री भुंकत होती का आधी?' मी नाही म्हणालो. त्याचा चेहरा पडला. पुढच्या वेळी मी म्हणालो, हो, भुंकत असतील. आज मला कुत्री आठवतात. भुंकणारी. ती होती का खरंच? आता मला ती रात्र आठवते का मी सांगितलेली रात्र आठवते, हे माझं मलाच कळत नाही.

जे कधीच कुणी विचारलं नाही ते तेवढं कोरं राहिलंय. तोंडात गेलेली माती. खारट-तुरट चव. आणि नंतर आलेला पाऊस, त्या मातीचा झालेला चिखल, आणि त्यात माझी एक चप्पल शोधणारा मी. माणसं मेलेली आणि मी चप्पल शोधतोय. हे मी माइकवर कधी सांगितलं नाही, म्हणून ते खरं आहे एवढी खात्री आहे.

पत्र्याची_खोली

तेरणाकाठ, काय बोलू. लिहिलंत हे बरं केलंत.

आंबी_मोसे_मुठा

__/\__

जुनी_चावडी

तेरणाकाठ, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. वाद घालणाऱ्यांत माझं नाव वर आहे, पण साक्षीदारानं स्वतःच स्वतःची उलटतपासणी केलेली मी क्वचित वाचलीय. बाकी मुद्दे नंतर.

पोरवरिमकार

थोडा गोव्याचा वारा घ्या. त्याच वर्षी, १९६१, डिसेंबर.

माझे काका तेव्हा बारा-तेरा वर्षांचे, पणजीत. ते एक गोष्ट नेहमी सांगायचे: गोवा मुक्त झाला तेव्हा आकाशातून एक बाई बोलली. आम्ही पोरं खो-खो हसायचो. काकांना फेणी लागायच्या आधीची गोष्ट आहे का नंतरची, असं विचारायचो. ते रागावून उठून जायचे.

मोठा झाल्यावर वाचलं. लिबिया लोबो आणि वामन सरदेसाई हे १९५५ पासून जंगलातून गुप्त रेडिओ केंद्र चालवत होते. १९ डिसेंबरला पोर्तुगिजांनी शरणागती पत्करल्यावर त्यांना भारतीय विमानातून नेलं, विमानाला लाउडस्पीकर लावला होता, आणि लिबियाबाईंनी वरूनच लोकांना सांगितलं की गोवा मुक्त झाला. म्हणजे बाई खरोखरच आकाशातून बोलली होती!

काका तोवर गेले होते. माफी मागायची राहिली.

उलट, बोटीची गोष्ट आमच्या घरात सगळे मोठ्या गंभीरपणे ऐकायचे. १८ ला 'अफोंसो द आल्बुकेर्क' ही पोर्तुगीज युद्धनौका मुरगाव बंदरात भारतीय नौकांशी लढली आणि शेवटी किनाऱ्याच्या वाळूत रुतवावी लागली. काकांचे एक मित्र 'मी तिथेच होतो, गोळे डोक्यावरून गेले' म्हणायचे. त्यांच्या बायकोनं एकदा सांगितलं, हे त्या दिवशी डिचोलीला मामाच्या घरी खाटेखाली होते.

भुईनळा

सगळ्या मोठ्या घटनांना दोन प्रकारचे साक्षीदार असतात, तिथे असलेले आणि खाटेखाली असलेले. जोरात बोलतात ते दुसरे.

गिरगाव_चौपाटी

@भुईनळा, आमच्याकडे तिसरा प्रकार आहे, ज्यांच्या ओळखीच्याच्या घरात सोन्याची वीट पडली.

१४ एप्रिल १९४४, मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकिन' जहाजाला आग लागली. पोटात एकाच वेळी स्फोटकं, कापसाच्या गासड्या आणि सोन्याच्या विटा. म्हणजे जहाज होतं का दिवाळीची दुरडी. दुपारी चारनंतर दोन स्फोट झाले. लोकांना वाटलं जपानी आले. आग विझवायला गेलेले अग्निशामक दलाचे ६६ जवान गेले, म्हणून आजही देशभर १४ एप्रिलला अग्निशमन दिन पाळतात.

सोन्याची वीट ही थाप नाही. दूरवर एका पारशी गृहस्थांच्या घरात खरोखर पडली आणि त्यांनी ती प्रामाणिकपणे परत केली. पुढे कित्येक वर्षं गोदीतला गाळ उपसताना विटा सापडत राहिल्या. पण आमच्या चाळीत लहानपणी मी निदान सात जणांकडून ऐकलंय की वीट त्यांच्या आत्याच्या, मावशीच्या, मालकाच्या घरी पडली. एवढ्या विटा त्या जहाजावर असत्या तर ते स्फोटाची वाट न बघता भारानंच बुडालं असतं.

@जुनी_चावडी, गंमत म्हणजे त्या वेळी तुमचा कागद गप्प होता. युद्ध चालू, बातम्यांवर सेन्सॉर. आख्ख्या शहरानं धूर पाहिला आणि पेपरात मुकाट. तेव्हा लोकांनी एकमेकांना सांगितलं तोच पेपर.

जुनी_चावडी

मान्य. पण त्या 'पेपरा'त सात विटा छापून आल्या, हेही तुम्हीच लिहिलंत.

बरं, माझ्या बाजूनं शेवटचा पुरावा देतो आणि थांबतो. पानिपतानंतर भाऊसाहेबांचा तोतया आला तेव्हा भाऊंना डोळ्यांनी पाहिलेली, त्यांच्या पंगतीला जेवलेली माणसं जिवंत होती. त्यातल्या काहींनी 'हेच भाऊ' म्हणून शपथा घेतल्या. खोटं बोलायचं होतं म्हणून सगळ्यांनी नाही. काहींना खरंच तसं दिसलं, कारण भाऊ परत यावेत असं त्यांना वाटत होतं. डोळा बघतो ते मन सांगतं तेवढंच.

सुगरण_नव्हे

हे मात्र भारी. +१. (तारीख नोंदवून ठेवा, मी जुनी_चावडींना +१ दिलाय.)

टेपरेकॉर्डर

गेली बारा-पंधरा वर्षं म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी रेकॉर्ड करतो, हौस म्हणून. बाहत्तरच्या दुष्काळावर बरंच काम झालंय. कसबेकर, तुमची पहिली चूक म्हणजे दोघांना एकत्र बसवलंत. भावंडं एकत्र बसली की आठवण राहते बाजूला, लहानपणचा हिशेब निघतो. दुसरी चूक, 'किती वाजले होते?' हा प्रश्न. त्या काळी अशा घरात घड्याळ एक, तेही बहुधा सासऱ्यांच्या खोलीत. वीस वर्षांच्या सुनेचा दिवस वाजण्यावर चालत नसे. दूधवाला येऊन गेला होता का? नळाला पाणी होतं का? चूल पेटलेली होती का विझलेली? अंगावर कुठलं लुगडं होतं? हे विचारा.

तारखेचंही तसंच. सण विचारा, कोण बाळंत होती ते विचारा. दुष्काळाच्या कामावरच्या एक आजी मला वर्ष सांगू शकल्या नाहीत, पण 'धाकटा रांगत होता, खडी फोडताना त्याला पाटीखाली सावलीला ठेवायची, आणि सुकडी मिळायची ती अर्धी मी पदरात बांधून घरी न्यायची' म्हणाल्या. धाकट्याच्या शाळेच्या दाखल्यावरून काढलं, बरोबर १९७२-७३.

आणि दुरुस्त करू नका. चुकीचं सांगितलं तरी 'हं' म्हणा. चूक का झाली हेही नंतर कामाला येतं.

वाचनमात्र_इतके_दिवस

आयडी काढून चार वर्षं झाली, पहिलाच प्रतिसाद. माझ्या वडिलांना कोयनेचा भूकंप आठवतो, ११ डिसेंबर १९६७ ची पहाट. मुंबईत होते. काय आठवतं? भांडी वाजली आणि शेजारच्या काकू पहिल्यांदाच डोक्यावर पदर न घेता बाहेर आल्या. बस.

भुईनळा

स्वागत. चार वर्षांत एक प्रतिसाद, पण काकू लक्षात राहिल्या.

कसबेकर_धाकटा

उशीर झाला, पण टेपरेकॉर्डर यांचं ऐकून आजीकडे एकटाच जाऊन आलो. यावेळी वेळ विचारलीच नाही.

लुगडं विचारल्यावर लगेच म्हणाली, 'जुनेरं. चांगलं नेसले नव्हते, अवस होती ना, कुठे जायचं नव्हतं.' मी म्हटलं, कुठली अवस? म्हणाली, 'पालख्या गेल्यावरची. माउली पुण्यातून जाऊन चार-सहा दिवस झाले असतील. आम्ही दर्शनाला गेलो होतो तेव्हाच नदी गढूळ होती.'

इतक्या वर्षांत तिनं 'बारा जुलै' हे शब्द उच्चारलेले मला आठवत नाहीत. पण मला हे जुळेना. जुलैच्या मध्यावर आषाढी होऊन जात नाही का? मग पालख्या नुकत्याच कशा गेल्या असतील? कुणी जुनं पंचांग बघेल का?

आवईबद्दलही विचारलं. म्हणाली, 'हो, पळालो की. मी भाजलेल्या शेंगदाण्यांचा डबा घेऊन पळाले. पर्वतीवर सगळ्यांनी खाल्ले.'

पत्र्याची_खोली

शेंगदाण्यांचा डबा! आई असती तर म्हणाली असती, मीपण खाल्ले.

आंबी_मोसे_मुठा

पंचांग बघितलं. १९६१ ला, म्हणजे शके १८८३ ला, ज्येष्ठ अधिक होता. त्यामुळे पुढचे सगळे सण उशिरा आले, त्या वर्षी दिवाळीसुद्धा नोव्हेंबरात. १२ जुलैला, बुधवारी, निज ज्येष्ठ अमावास्या. आषाढ लागलाही नव्हता. माउलींची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून निघते, पुण्यात मुक्काम करून सासवडकडे जाते, म्हणजे अमावास्येच्या तीन-चार दिवस आधी पुणं सुटतं.

तुमच्या आजींना इंग्रजी तारीख येत नसेल, पण त्यांनी तिथीसकट दिवस सांगितलाय. अधिक महिना धरून.

जुनी_चावडी

पंचांग हा कागदच असतो, एवढं नम्रपणे नमूद करतो. आजींना नमस्कार सांगा.

तेरणाकाठ

आजींना चपलांचं विचारा. अशा दिवशी पायात काय होतं, हे माणूस विसरत नाही.

कसबेकर_धाकटा

@तेरणाकाठ, विचारलं. अनवाणी. चपला मोरीपाशी ठेवल्या होत्या, सगळ्यात आधी त्याच गेल्या.

गिरगाव_चौपाटी

सगळं झालं, मशीनचं काय? कुणी उचललं? फोटो तरी टाका.

कसबेकर_धाकटा

फोटो काढायला काल माळ्यावर चढलो. लोखंडी पायांचं, पायटा असलेलं जुनं मशीन. टेबलाला उजवीकडे एक लाकडी खण आहे, बॉबिन ठेवायचा. तो फुगून घट्ट बसलाय, कित्येक वर्षं कुणी उघडलेला नाही. पान्हा घालून उघडला. आत दोन बॉबिन, एक बोथट कात्री, आणि तळाला बोटभर वाळलेला गाळ. बारीक, काळा, चिरा पडलेला. लोखंडी पायांवरही एका उंचीपर्यंत गंज, त्याच्या वर रंग शाबूत.

भुईनळा

म्हणजे वर कुणीच नेलं नाही???

सुगरण_नव्हे

थांबा. मशीनचं डोकं वेगळं निघतं. डोकं एकानं नेलं असेल, टेबल खालीच राहिलं असेल.

कसबेकर_धाकटा

डोकं पण टेबलाला गंजून चिकटलंय. हलत नाही.

दोघांनाही अजून काही सांगितलेलं नाही. रविवारी मामाआजोबा जेवायला येताहेत.